लाल उतरलेलं पीठ

मोहिनीताईंनी पर्समधून ड्रॉपर काढला तो दिवस घटस्थापनेचा. मखमलाबाद रस्त्यावरच्या आमच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. अध्यक्ष म्हणजे फोटोत मध्यभागी उभं राहायचं आणि शिजवणाऱ्या बायकांना मीठ किती घालायचं ते सांगायचं. गेल्या वर्षापासून त्यांना विज्ञानाची गोडी लागली होती. म्हणजे दुधात थेंब टाकायचा, मधात बुडवलेली काडी पेटवायची, आणि मोबाईलकडे बघून डोळे मोठे करत म्हणायचं, "मैत्रिणींनो, पाहिलंत?" दीड मिनिटात भेसळीचा निकाल. पुस्तक उघडायचं काम नाही.

नवरात्रात नऊही दिवस उपास करणाऱ्या साठेक बायकांचं रात्रीचं फराळाचं आमचं मंडळ बघतं. उपास म्हणावं असं त्यात फार उरलेलं नाही. साबुदाण्याचे वडे, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा शिरा, वर ताक. इतकं जेवून सुस्तावलेल्या बायका आरतीला उभ्या राहतात तेव्हा देवीलाच त्यांची दया येत असेल. पण पानात धान्य नको, एवढी एक अट सगळ्या पाळतात. पाळतो असं समजतात.

राजगिऱ्याचं पीठ पाच वर्षं हरसूलच्या सखुबाईकडून येत होतं. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेताच्या कडेला ती राजगिरा लावते. उपासाचं पीठ ती गिरणीत नेत नाही, कारण गिरणीत आधी कुणाचे तरी गहू पडलेले असतात. त्यासाठी तिच्या घरी वेगळं जातं आहे आणि त्या जात्याला ती दुसरं धान्य शिवू देत नाही. आमच्यातल्या किती जणी इतकं सोवळं पाळतात? मीसुद्धा नाही.

त्या सकाळी पहिल्या एसटीनं ती वीस किलो पीठ घेऊन आली होती. दोन पिशव्या, तोंडं सुतळीनं बांधलेली. मी कोपऱ्यात बसून वाती वळत होते. रोज उठल्यापासून दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षं एकदाही मोडलं नव्हतं, आणि हे मी कुणाला सांगत नसले तरी सगळ्यांना ठाऊक असावं अशी व्यवस्था आपोआप झाली होती.

"सखुबाई, घाबरू नका हं," मोहिनीताई म्हणाल्या. "आता सगळ्यांचीच टेस्ट होते. सायन्स आहे."

"मी कशाला घाबरू?" सखुबाई म्हणाली. "पीठ हाय. घ्या, बघा."

टेबलावर दोन काचेच्या वाट्या. एकीत मॉलमधून आणलेल्या राजगिरा पिठाची पाण्यात उकळून गार केलेली पेज. पाकिटावर गाय, कमळ आणि 'शुद्ध' हा शब्द तीन वेळा. दुसरीत सखुबाईच्या पिठाची पेज. तृप्ती मोबाईल धरून उभी. मोहिनीताईंच्या व्हिडिओत योग्य वेळी आश्चर्य वाटून घेणं हे तृप्तीचं काम.

मोहिनीताईंनी पाकिटाच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला. शाई सांडावी तसा गडद निळा रंग पसरला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग सखुबाईच्या वाटीत थेंब पडला. तिथे निळं काही आलंच नाही. विड्यात काताचा रंग उतरतो तसा तांबूस रंग उतरला.

"अय्या!" तृप्ती म्हणाली.

"कार्डावर बघा," मोहिनीताईंनी किटबरोबर आलेलं कार्ड उंच धरलं. "पीठ असेल तर निळा. हे निळं होत नाही. म्हणजे मैत्रिणींनो, हे पीठच नाही!"

"मग काय आहे, ताई?"

"तूच सांग. लाल काय असतं? वीट! ही विटांची भुकटी आहे."

साठ-सत्तर वर्षांच्या, नातवंडं असलेल्या बायका. एकीनंही विचारलं नाही की वीट पाण्यात उकळली तर तिची पेज होते का. सगळ्यांनी तोंडावर पदर धरले.

सखुबाईनं पिशवीची सुतळी सोडली, चिमूटभर पीठ तोंडात टाकलं आणि चावून दाखवलं. "वीट असती तर दात वाजले असते ना बाई? ऐकू येतंय का काही?"

"कॅमेऱ्यासमोर नको हं असलं," मोहिनीताई म्हणाल्या.

तेव्हा सखुबाई माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा ना. तुम्ही शाळेत हेच करत होता ना? बाटल्या, रंग?"

होते. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत मी प्रयोगशाळा सहायक होते. आयोडीनची बाटली मी जितक्या वेळा भरली असेल तितक्या वेळा मोहिनीताईंनी चहा केला नसेल. वाटीत रंग उतरला त्या क्षणी मला कळलं होतं की काय चाललंय.

"काकूंचं मौन आहे," मोहिनीताई गोड आवाजात म्हणाल्या. "त्यांना कशाला त्रास?"

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोर फुलांच्या यादीचा कागद होता, त्यावर पेन्सिल होती. मी मनात म्हटलं, पन्नास मिनिटांचा तर प्रश्न आहे. आणि वात वळली.

साडेअकराला सखुबाई दोन्ही पिशव्या घेऊन निघून गेली. पावणेबाराला व्हिडिओ सगळीकडे गेला. नाव होतं, 'उपासाच्या पिठात विटा! हरसूलचा धक्कादायक प्रकार.' बारा वाजता मी तोंड उघडलं आणि मोहिनीताईंना हळूच म्हटलं, "तो रंग बरोबर होता."

"काकू," त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमच्या काळातलं सायन्स वेगळं होतं."

मी आवाज चढवत नाही. तसं वळणच नाही. घरी येऊन दिवा लावला, अध्याय वाचला, आणि एकही ओळ डोक्यात शिरली नाही.

तो रंग बरोबर कसा, तेही सांगते. पिष्टाच्या साखळ्या दोन प्रकारच्या असतात. एक लांब आणि सरळ. ती स्वतःभोवती गुंडाळत जाते, हातभर बांगड्यांची चळत लावावी तशी. आयोडीन त्या बांगड्यांच्या आत शिरतं आणि रांगेनं बसतं. रांग लांब, तर रंग निळा. दुसरी साखळी फांद्याफांद्यांची, राजगिऱ्याच्या कणसासारखीच. तिची एकेक फांदी आखूड. एकेका फांदीवर दोन-तीन बांगड्या मावतात, आयोडीनची रांग तिथेच संपते, आणि रंग निळ्यापर्यंत पोचत नाही, तांबूसच राहतो. गहू, तांदूळ, मका यांत सरळ साखळ्या पुरेशा असतात, म्हणून ते निळे. राजगिऱ्याच्या पुष्कळ जातींत सरळ साखळी जवळजवळ नसतेच. सखुबाईचं पीठ लाल उतरलं कारण त्यात तिच्या राजगिऱ्याशिवाय काही नव्हतं. कार्ड छापणाऱ्यानं एवढं छापलं नाही, आणि कार्ड वाचणारीला तर काय, कार्ड म्हणजे वेद.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाकिटातल्या पिठाच्या पोळ्या झाल्या. स्वयंपाकघरातून कौतुक चाललं होतं.

"बटाटा घालावाच लागला नाही गं! नुसत्या पाण्यात मळलं."

"आणि लाटली कशी जाते बघ, सरसर. कड फाटत नाही."

"शुद्ध ते शुद्ध. त्या सखुबाईचं थापताना जीव जायचा."

माझ्या ताटातली पोळी मऊ होती. घडी घातली तर तुटली नाही. दोन घास गिळून झाल्यावर माझा हात थांबला. राजगिऱ्याच्या पिठाला चिकटपणा नसतो, म्हणून तर उकडलेला बटाटा घालून ते थापायचं. जे न फाटता सरसर लाटलं जातं ते काय असतं हे चाळीस चाळीस वर्षं रोज कणीक मळणाऱ्या या बायकांना कळू नये? चाळीस वर्षांची ओळख, पण पाकिटावर गाय काढली की ओळख विसरली. आणि मी? मी दोन घास गिळले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन्ही पिठं पुड्यांत बांधून शाळेत गेले. सखुबाईच्या पिशवीची सुतळी सुटली तेव्हा टेबलावर सांडलेलं थोडं मी वातींच्या डब्यात भरून ठेवलं होतं. रसायनशास्त्राच्या पल्लवी मॅडम माझ्या हाताखाली शिकलेल्या. त्यांनी सूक्ष्मदर्शक काढून दिला.

"मावशी, निळं आलं म्हणजे भेसळ असं म्हणता येणार नाही हं," त्या म्हणाल्या. "राजगिऱ्याची एखादी जात निळीसुद्धा उतरते."

"म्हणून तर आले. रंगावर निकाल द्यायला मी काय मंडळाची अध्यक्ष आहे?"

त्या हसल्या. काचपट्टीवर सखुबाईचं पीठ लावून आयोडीन घातलं. राजगिऱ्याच्या पिष्टाचे कण अतिशय बारीक, तांबूस धूळ विखुरल्यासारखे, सगळे सारखे. मग पाकिटातलं. तशीच थोडी धूळ होती, पण तिच्यामध्ये मोठमोठ्या निळ्या चकत्या. गव्हाचे कण. धुळीच्या मानानं इतके मोठे की शाळेतल्या मुलीनंही बोट ठेवून दाखवले असते.

"मैदा," पल्लवी मॅडम म्हणाल्या. "चांगला निम्म्याच्या वर." त्यांनी दोन्ही काचपट्ट्यांचे फोटो माझ्या मोबाईलवर पाठवले.

संध्याकाळी मी मोहिनीताईंना स्वयंपाकघरात एकटं गाठलं आणि फोटो दाखवले. त्यांनी मोबाईल हातात घेऊन फोटो मोठे करून पाहिले. मूर्ख माणूस खोटं बोलतं तेव्हा निदान गडबडतं. त्या गडबडल्या नाहीत.

"काकू, थोडं प्रॅक्टिकल बघा. साठ बायकांचा उपास मोडला असं सांगणार का तुम्ही? नवरात्रात? किती जणींचा नवस आहे, माहीत आहे ना? न कळता खाल्लं त्याला दोष नसतो. कळल्यावर दोष लागतो. तो तुम्ही लावणार."

"आणि सखुबाईला लागला तो?"

"तिचं काय! ती बाजारात विकेल कुठेतरी."

"हरसूलचं नाव घातलंत तुम्ही व्हिडिओला. बाजारात तिच्याकडून कोण घेईल?"

"नवरात्र झालं की काढून टाकते ना तो. आत्ता काढला तर लोक विचारतील का काढला." त्यांनी मोबाईल माझ्या हातात परत दिला. "तुम्ही एवढं मौन पाळता. अजून सहा दिवस पाळा. देवीसाठी."

देवीला मध्ये आणलं नसतं तर मी कदाचित गप्प बसलेही असते, इतकी सवय होती गप्प बसण्याची.

आरती झाली. मी पाकिटातल्या मळलेल्या पिठाचा उंडा आणि पाण्याची परात घेऊन माईकसमोर जाऊन बसले. तोंडानं सांगितलं आणि हातानं उंडा पाण्यात चोळत राहिले. पांढरं पाणी निघून गेलं आणि हातात उरला चिवट, रबरासारखा गोळा. कणीक पाण्यात धुतली की उरतो तोच. मी तो ताणून दाखवला.

"हा राजगिरा नाही," मी म्हटलं. "यात गहू आहे. दोन दिवस आपण गहू खाल्ला. मीही खाल्ला. सखुबाईचं पीठ खरं होतं."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलं असं मला वाटत नाही.

"म्हणजे कालच्यासुद्धा? मी तर चार खाल्ल्या!"

"पण मैदा धान्यात धरायचा का? तो पांढरा असतो ना?"

"गुरुजींना फोन लाव. काहीतरी दान देऊन भागत असेल."

"काकू, हे तुम्ही नवमीनंतर सांगितलं असतंत तर तुमचं काय गेलं असतं?"

सखुबाईचं नाव एका तोंडातून निघालं नाही. जिला विटा विकणारी ठरवून हाकललं ती यांच्या हिशेबी माणूसच नव्हती, पिठाची पिशवी होती. यांची सगळी भक्ती स्वतःच्या ताटाभोवती.

आणि मोहिनीताई? त्यांनी माझ्या हातातला चिवट गोळा घेतला, तृप्तीला खूण केली, आणि मोबाईलकडे बघून डोळे मोठे केले. "मैत्रिणींनो, आज मी एक फार मोठा घोटाळा उघड करणार आहे. नामांकित पाकिटात मैदा! पाहिलंत?"

रात्रीपर्यंत तोही व्हिडिओ सगळीकडे गेला. विटांचा होता तिथेच राहिला. लोकांनी दोन्हींना सारखेच अंगठे दिले.

चौथ्या दिवशी हरसूलचा बाजार होता. मी पहाटे पूजा उरकली, पिशवीत आयोडीनची बाटली, वाट्या आणि पाकिटातलं पीठ घेतलं, आणि जुन्या सीबीएस स्थानकावरून एसटीत बसले. कंडक्टरला कागदावर 'हरसूल' लिहून दाखवलं. त्याला वाटलं मी मुकी आहे, त्यानं फार मायेनं खिडकीजवळची जागा करून दिली.

बाजाराच्या कडेला सखुबाई बसली होती. पुढ्यात नागली, उडीद, आणि मागे त्या दोन पिशव्या, तोंडं बांधलेली. मी पोचले तेव्हा शेजारचा दोरखंड विकणारा पुंजा मोठ्यानं सांगत होता, "सखुबाय, मला पडवी बांधायची हाय. दोन पिशव्या दे की तुझ्या विटा." चार माणसं हसली. एक बाई पिशवीकडे बघत म्हणाली, "हेच का ते मोबाईलमधलं?" आणि पुढे गेली.

सखुबाईनं मला पाहिलं आणि नागली चाळायला घेतली. मी तिच्यासमोर बसले, मोबाईल काढून फोटो दाखवला. तांबूस धूळ.

"हे काय?"

मी तिच्या पिशवीकडे बोट केलं.

"माझं? एवढं बारीक?" तिनं फोटो जवळ घेऊन पाहिला. मग मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला. "त्या दिवशी बोलला का नाय?"

मी ओठांवर बोट ठेवलं. तिला कळलं.

"मौन," ती म्हणाली. "कोणाशी? त्या बाईशी का माझ्याशी?"

सकाळचे साडेदहा झाले होते. अकरा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, मी स्वतःला तर नाहीच. मोहिनीताईंच्या कार्डाला मी हसत होते, पण माझ्याकडेही एक कार्डच होतं. त्यावर बारा वाजेपर्यंत असं छापलेलं होतं, आणि त्यापलीकडचं मी काही वाचलं नव्हतं.

"माझी चूक झाली," मी म्हटलं.

सखुबाईला काही फार वाटलं नाही. "मला काय सांगता? माझं पीठ मला माहीत हाय. यांना सांगा."

"काय म्हणते ही म्हातारी?" पुंजानं विचारलं. "ऐकू येत नाय."

मी पुन्हा सांगितलं. तेही त्याला ऐकू आलं नाही. बाजारात माईक नसतो. शेवटी मी उभी राहिले आणि ओरडले. आयुष्यात ओरडले नव्हते, त्यामुळे आवाज चिरका निघाला आणि पलीकडच्या रांगेतल्या बायकाही वळल्या.

"हे पीठ खरं आहे! लाल उतरतं ते खरं आहे!"

"दाखव की मग," पुंजा म्हणाला.

चहाच्या गाडीवरून गरम पाणी आणलं. एका वाटीत सखुबाईचं पीठ, दुसरीत पाकिटातलं, आणि पुंजाच्या हट्टाखातर तिसरीत त्याच्या डब्यातली गव्हाची पोळी कुस्करून. गार होईपर्यंत सगळे थांबले. गरम असताना रंग टिकत नाही हे मी सांगितलं, तेही ओरडूनच. मग थेंब टाकले. पोळी निळी. पाकीट निळं. सखुबाईचं काताच्या रंगाचं. उंडा मळून धुऊन दाखवला, पाकिटाचा चिवट गोळा उरला, सखुबाईच्या पिठाचं सगळं पाणी होऊन गेलं.

पुंजानं गोळा दोन बोटांत धरून ताणला. "म्हणजे शहरातल्या बाया उपासाला माझी पोळी खात होत्या?"

बाजार हसला. या वेळी हसू सखुबाईवर नव्हतं.

"अर्धा किलो तोल," तो तिला म्हणाला. "घरची चतुर्थी धरते. वीट निघाली तर परत आणीन."

"वीट निघाली तर पडवी बांध," सखुबाई म्हणाली आणि पिशवीची सुतळी सोडली.

मी मंडळासाठी पीठ मागितलं. तिनं मान हलवली. "तुमच्यापुरतं देते. मंडळाला नाय." मी माझ्यापुरती पिशवी पुढे केली.

सीबीएसला परतणारी गाडी साडेबाराची होती. मी वाट्या धुऊन पिशवीत भरायला लागले तर सखुबाईनं त्या काढून परत मांडल्या आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.

"पाणी प्या आणि बसा. बाजार चारपर्यंत असतो. ते पेठ गावाकडचे आत्ता उतरताहेत गाडीतून, त्यांनी काय ऐकलं नाय अजून."

माझा घसा बसला होता. मी पाणी प्यायले आणि उभी राहिले.